फावला वेळ

या स्मृतिव्याख्यान-पुस्तिकेसाठी लेख द्यावा, असे शाळेचे पत्र मला आषाढात आले. आज माघ चालू आहे. मधल्या सात महिन्यांत मी आजारी नव्हतो, प्रवासात नव्हतो, आणि निवृत्त माणसाला कचेरीही नसते. मुख्याध्यापकांनी तीन वेळा विनयाने आठवण दिली आणि तिन्ही वेळा माझ्याकडून 'जरा फावले की लिहितो' हेच उत्तर गेले. तेव्हा विषय शोधण्याचे कष्ट वाचले.

काम टाळण्यासाठी मराठीत पुष्कळ शब्द आहेत, पण ते एकमेकांचे पर्याय नव्हेत. आळशी माणसाला काम करायचेच नसते, आणि ते न केल्याचे दुःखही त्याला होत नाही. टंगळमंगळ करणारा कामाच्या शेजारी बसून वेळ घालवतो. दिरंगाई हा शब्द आपण बहुधा कचेऱ्यांसाठी राखून ठेवला आहे. चालढकल करणाऱ्याची जात निराळी. त्याला ते काम मनापासून करायचे असते. म्हणूनच तो ते सोडून देत नाही, केवळ पुढे ढकलतो. शिवाय तो रिकामा दिसत नाही. किंबहुना ज्या दिवशी लिहायला बसायचे, त्याच दिवशी त्याचे टेबल सर्वांत स्वच्छ असते.

येथील मुलांना गिजुभाई बधेकांमुळे घरोघरी पोचलेली काबर आणि कागड्याची गोष्ट ठाऊक असतेच. काबर म्हणजे आपली साळुंकी. दोघांनी भागीत शेती करायचे ठरते. नांगरणी आली, पेरणी आली, कापणी आली. प्रत्येक वेळी काबर बोलवायला जाते आणि प्रत्येक वेळी कावळा सांगतो, मी चोच घडवून घेतो आहे, तू हो पुढे, मी आलोच. शेवटी वाटणीच्या वेळी तो मोठा ढीग पाहून त्यावर बसतो आणि भुसात रुततो. गोष्ट सांगणारे कावळ्याला लबाड ठरवून मोकळे होतात. मला मात्र त्याने निवडलेली सबब फार मार्मिक वाटते. मी झोपलो आहे, असे तो म्हणत नाही. मी माझे हत्यार नीट करतो आहे, असे म्हणतो. आम्हा लिहिणाऱ्यांची चोच म्हणजे नवे पेन, आखीव कागद, आणखी एक संदर्भग्रंथ आणि पहाटेची शांतता.

पिचिल, सिरॉइस यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी अलीकडच्या काळात मांडले आहे की चालढकल हा वेळेच्या हिशेबाचा दोष नसून मनःस्थिती सांभाळण्याचा एक प्रकार आहे. काम समोर येताच भीती, कंटाळा, आपल्याला जमणार नाही ही शंका असे काहीतरी मनात दाटते, आणि ते टाळण्यासाठी आपण काम टाळतो. क्षणभर बरे वाटते, आणि त्या बरे वाटण्याचीच सवय लागते. निर्मितीच्या कामात हे अधिक घडते, कारण न लिहिलेल्या पुस्तकात एकही चूक नसते. पहिले वाक्य कागदावर उतरले की ते पुस्तक सामान्य होऊ लागते. ते सामान्य होणे सहन करण्याची आपली तयारी नसते.

याची किंमत मी मोजली आहे. बडोद्याच्या जुन्या वाड्यांतली मराठी हा माझ्या आवडीचा विषय. गायकवाडी राज्याबरोबर येथे आलेली मराठी कुटुंबे अनेक पिढ्या गुजरातीच्या सहवासात राहिली आणि त्यांच्या बोलीत एक वेगळाच पोत आला. तिचा लहानसा कोश करावा, असे मी नोकरीत असतानाच ठरवले होते. एका वाड्यात ऐंशीच्या पुढच्या एक आजी राहत. पहिल्याच भेटीत त्या मला म्हणाल्या, "प्रोफेसर, मला खुर्चीवर फावत नाही, मी आपली ओटल्यावरच बसते." मी तो शब्द चिठ्ठीवर टिपून घेतला. मराठीत फावणे म्हणजे सवड मिळणे. गुजरातीत फावणे म्हणजे जमणे, सोयीचे वाटणे, सरावाने अंगवळणी पडणे. आजी मराठी वाक्यात गुजराती अर्थ वापरत होत्या. स्वयंपाकघर, सोवळेओवळे, लग्नकार्य यांतले शेकडो शब्द सांगण्याचे त्यांनी कबूल केले. मी म्हणालो, नीट प्रश्नावली तयार करतो आणि येतो. प्रश्नावली तयार होण्यास दोन वर्षे लागली. ती उत्तम झाली होती. ती घेऊन गेलो तेव्हा ओटल्यावर कोणी नव्हते; आजींना जाऊन चार महिने झाले होते. माझ्याजवळ त्यांचे सात शब्द आहेत.

यावर सांत्वन म्हणून मित्र मला लोकमान्यांचे उदाहरण देतात: मोठी कामे फावल्या वेळाचीच वाट पाहतात, 'गीतारहस्य' लिहायला मंडालेचा तुरुंग लागला. मीही हे अनेक वर्षे वर्गात सांगितले. तारखा मांडून पाहिल्या तेव्हा ते तितकेसे खरे वाटेना. गीतेशी टिळकांचा संबंध १८७२ चा. वडील अखेरच्या दुखण्यात होते आणि सोळा वर्षांचा हा मुलगा त्यांना गीतेवरची प्राकृत टीका वाचून दाखवीत असे. विचार तेव्हापासून मनात घोळत होता. ते मंडालेस पोचले १९०८ च्या सप्टेंबरात. सवडच हवी होती, तर ती त्या दिवसापासून होती. लेखनाला आरंभ झाला तो शके १८३२ च्या कार्तिकात, म्हणजे १९१० च्या नोव्हेंबरात. मधल्या दोन वर्षांत सवड होती, ग्रंथ नव्हता. त्या तुरुंगवासात ते जर्मन, फ्रेंच आणि पाली शिकले. त्यातली चोच किती आणि तयारी किती, हे ठरवण्याचा अधिकार माझा नव्हे. पण कार्तिकात त्यांनी पेन्सिल हाती घेतली, शाईला तेथे परवानगी नव्हती, आणि फाल्गुनअखेर ग्रंथाचा खर्डा पुरा झाला. लागणारी सगळी पुस्तके जवळ नव्हती, म्हणून पुष्कळ दुरुस्त्या सुटकेनंतर कराव्या लागल्या आणि ग्रंथ १९१५ साली छापला गेला. अडतीस वर्षांचे चिंतन पाच महिन्यांत उतरले, ते अपुऱ्या साधनांनी आणि कच्च्या स्वरूपात.

कच्चेपणाविषयी मला खरा धडा मात्र कोयलीतच मिळाला. येथील तेलशुद्धीकरण कारखाना १९६५ साली सुरू झाला आणि या शाळेतल्या अनेक मुलांचे वडील तेथे नोकरी करीत आले. माझे चिरंजीवही तेथेच होते. दुरुस्तीसाठी बंद केलेले युनिट पुन्हा कसे चालू करतात, हे त्यांनी मला एकदा जेवताना समजावून सांगितले. आधी थंडच तेल भट्टीतून, मनोऱ्यातून, नळ्यांतून गोल गोल फिरवतात. त्यातून काहीच तयार होत नाही; नुसता प्रवाह सुरू होतो. मग भट्टी पेटवून उष्णता बेताबेताने वाढवतात, कारण घाई केली तर सांधे गळू लागतात. पुढे माल येऊ लागतो, तोही प्रथम प्रमाणात बसत नाही. मी विचारले, "मग तो फेकून देता?" ते हसले. तो स्लॉप टँकमध्ये साठवतात आणि पुन्हा शुद्धीकरणास घेतात. इतका प्रचंड कारखाना पहिला माल बिघडणार हे गृहीत धरून त्यासाठी वेगळी टाकी बांधतो, आणि मी पीएच. डी. होऊनही पहिल्या ओळीपासून शुद्ध माल मागत होतो.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते, त्यांना हे न शिकवता कळले असावे. निबंध प्रथम कच्च्या वहीत, असा त्यांचा दंडक होता आणि कच्च्या वहीवर ते कधी लाल रेघ मारीत नसत. त्यांच्या पश्चात शाळेच्या कपाटात त्यांच्या स्वतःच्या चार कच्च्या वह्या निघाल्या. येथील मराठी घरांतल्या म्हणी, उखाणे, मुलांच्या तोंडचे शब्द. तारीख नाही, क्रम नाही, अक्षर घाईचे. पक्की वही त्यांनी केलीच नाही. तरी त्या चार वह्यांतून मला माझ्या कोशासाठी दोनशेहून अधिक शब्द मिळाले. आजींचे सात.

गेल्या पावसाळ्यापासून मी सकाळच्या चहानंतर अर्धा तास बसतो. प्रस्तावनेला हात लावलेला नाही. अकारापासूनही आरंभ केला नाही. चिठ्ठ्यांच्या पेटीतून हाताला येईल ती चिठ्ठी काढतो आणि तेवढ्याच शब्दाची नोंद लिहितो. पहिली पंचवीस पाने वाईट आहेत. ती वेगळ्या फाइलीत ठेवली असून तिच्यावर नातवाने मोठ्या अक्षरांत 'स्लॉप' असे लिहिले आहे. आठ-दहा दिवसांनी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली: सवड पूर्वीइतकीच होती, पण आता बसणे फावू लागले होते, आजींच्या अर्थाने. अर्धा तास संपला की वाक्य मध्येच सोडून उठावे, हीही एक युक्ती मला लाभली. दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदाऐवजी अर्धे वाक्य वाट पाहत असते. वय सत्तरीच्या पुढचे असल्याने कोणी हिला धाडस म्हणेल. म्हणो.

हा लेखही त्याच अर्ध्या तासांतून, चार सकाळी मिळून, लिहिला आहे. त्यामुळे कोशाच्या चार नोंदी मागे पडल्या. पाचव्या दिवसासाठी 'ओटला' हा शब्द काढून ठेवला आहे. गुजराती ओटलो, मराठी ओटा, आणि बडोद्याच्या वाड्यांतला ओटला, ज्यावर बसणे आजींना खुर्चीपेक्षा फावत असे, इथपर्यंत नोंद झाली आहे.