पत ज्याची त्याची

वाईच्या बाजारपेठेत आमचे किराणा मालाचे दुकान होते. दुकानात शिरल्याबरोबर समोर पाटी दिसे : 'आज रोख, उद्या उधार'. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती हौसेने रंगवून घेतली होती आणि तिच्या बरोबर खाली बसून ते दिवसभर उधारीची वही लिहीत असत! लाल कापडी बांधणीची ती लांबडी वही म्हणजे निम्म्या गावाची कुंडली होती. कोणाचा पगार कधी होतो, कोणाचा ऊस कारखान्याला गेला पण बिल अजून निघायचे आहे, कोण बोलायला गोड आणि द्यायला कडू, हे सारे अण्णांना वहीवरून कळे. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला तिची पूजा होई. 'पत' हा शब्द मी शाळेत शिकले नाही, त्या वहीपाशी बसून शिकले.

पुढे पुण्यात एका सहकारी बँकेत लागले आणि कर्ज विभागात नऊ वर्षे काढली. समोरच्या माणसाचे कागद चाळायचे, दोन प्रश्न विचारायचे आणि याला कर्ज द्यावे की नाही ते ठरवायचे, हेच माझे काम. लोकांची पत जोखण्यात हात चांगला बसला होता. अशी मी २००४ साली नवऱ्याच्या नोकरीपायी न्यू जर्सीतल्या एडिसनला येऊन पोचले आणि वर्षभरातच उमगले, की या देशात माझी स्वतःची पत शून्यसुद्धा नाही. शून्य हा निदान एक आकडा तरी असतो!

नवरा 'एच-वन' व्हिसावर आला होता, मी 'एच-फोर'वर. एच-फोर म्हणजे अवलंबून. नोकरीची परवानगी नाही, म्हणून सोशल सिक्युरिटी क्रमांक नाही. आणि तो क्रमांक नाही, म्हणून माझ्या नावावर काहीच नाही. घराचा भाडेकरार त्याच्या नावावर, गाडीचे कर्ज त्याच्या नावावर, विजेचे बिलही त्याच्याच नावावर. बँकेत जोडखाते होते, पण त्याचा उपयोग पैसे काढण्यापुरता. ओक ट्री रोडवर पोहे-साबुदाणा घ्यायला गेले, की मी ऐटीत कार्ड काढत असे, पण ते त्याच्या खात्यावरचे जोडकार्ड. बँकेत कर्जाच्या फायली हातावेगळ्या करणारी बाई इथे फक्त कोणाची तरी बायको होती.

२००७ च्या जुलैमध्ये ग्रीन कार्डाच्या अर्जांची दारे नोकरदारांसाठी अचानक उघडली. आमच्यासारख्या असंख्य भारतीय कुटुंबांनी धावपळ करून अर्ज भरले. वर्ष संपता संपता माझ्या हातात कामाचा परवाना आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक आला. एका छोट्या कंपनीच्या हिशेब खात्यात नोकरीही लागली. पहिल्या पगारानंतर मी ताठ मानेने आमच्याच बँकेत क्रेडिट कार्डासाठी अर्ज केला. दहा दिवसांनी पत्र आले : तुमच्या नावे कोणतीही पतनोंद आढळत नाही, सबब अर्ज नामंजूर. आयुष्यात एकदाही कर्ज बुडवले नव्हते. पण कर्ज बुडवले नाही म्हणजे कर्ज घेऊन फेडले, असे थोडेच होते?

मग मी बँकेतली जुनी मी झाले आणि या व्यवस्थेचा अभ्यास करायला बसले.

अमेरिकेत माणसाच्या पतीचे (नवरा नव्हे, पत!) हिशेब तीन मोठ्या कंपन्या ठेवतात : इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन. यांतल्या इक्विफॅक्सची कुळकथा वाचली आणि मला हसूच आले. १८९९ साली अटलांटात दोन भावांनी ही कंपनी सुरू केली, ती दुकानदारांसाठी, कोणते गिऱ्हाईक पैसे वेळेवर देते आणि कोणते नाही याच्या याद्या करायला. म्हणजे मुळात अण्णांचीच वही! पुढे या कंपनीचे लोक माणसाचे पिणे, संसार, चालचलणूक यांच्याही चौकश्या करून लिहून ठेवू लागले. त्यावर ओरड झाली आणि १९७० साली कायदा आला, की आपल्याविषयी काय लिहिले आहे ते पाहण्याचा आणि चूक असेल तर ती दुरुस्त करून मागण्याचा हक्क माणसाला आहे. १९७४ साली आणखी एक कायदा झाला. तोपर्यंत कमावत्या बाईलाही कर्ज वा कार्ड देताना नवऱ्याची सही मागण्याची सर्रास पद्धत होती. या कायद्याने स्त्री-पुरुष, विवाहित-अविवाहित असा भेद करायला बंदी घातली. अमेरिकेतल्या बायकांनाही स्वतःची पत मिळून फार काळ लोटलेला नाही, हे वाचून उगीचच बरे वाटले.

या नोंदींवरून तीन आकडी गुण काढतात. सर्वांत जास्त चालतो तो 'फायको' स्कोअर, ३०० ते ८५० मधला. तो १९८९ साली आला. त्याचा हिशेब साधारण असा : शंभरातले पस्तीस गुण वेळेवर फेडण्याला, तीस गुण मर्यादेच्या मानाने तुम्ही किती उधार वापरता त्याला, पंधरा गुण खाते किती जुने आहे त्याला, उरलेले दहा-दहा नव्या कर्जांना आणि कर्जांच्या प्रकारांना. पगार किती, बँकेत शिल्लक किती, याला एकही गुण नाही! अंथरूण पाहून पाय पसरणारा, सगळे रोखीने घेणारा मराठी माणूस या परीक्षेला बसतच नाही. आणि बसायचे ठरवले, तरी निदान एक खाते सहा महिने जुने झाल्याशिवाय हा गुण निघतच नाही.

पण कोणी पहिले कार्डच दिले नाही, तर सहा महिने मोजायचे कुठून? त्यावर तोड आहे, तिला म्हणतात 'सिक्युअर्ड कार्ड'. बँकेकडे ३०० डॉलर अनामत ठेवायचे आणि तेवढ्याच मर्यादेचे कार्ड घ्यायचे. काउंटरवर मी चेक लिहून दिला, तेव्हा मला एकदम घागर आठवली.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. वस्तीवरची एक बाई दुकानात आली. नवरा आजारी, घरात ज्वारी नव्हती. अण्णांनी वही उघडली नाही. ती निमूटपणे परत गेली आणि तांब्याची घागर घेऊन आली. अण्णांनी ती आत ठेवून घेतली आणि ज्वारी मापून दिली. त्याच महिन्यात बदलून आलेल्या एका गुरुजींना मात्र त्यांनी पहिल्या दिवशी उधार दिले होते. आडनाव विचारले, गाव विचारले, चार नातेवाइकांची ओळख लागली आणि वहीत पान उघडले गेले! गुरुजी गावात नवे होते, ती बाई गावात जन्मलेली होती. तीन महिन्यांनी पैसे फेडून तिने घागर सोडवून नेली, तेव्हा पदराने ती पुसत पुसत गेली. अण्णा वाईट नव्हते. पण त्यांची वही 'तू कशी आहेस' याच्या आधी 'तू कोणाची' हे विचारीत असे, हे मला त्या परक्या बँकेत, स्वतःची घागर गहाण ठेवताना कळले.

नेटाने मी ते कार्ड वापरू लागले. महिन्याला तीस-चाळीस डॉलरची खरेदी करायची आणि बिल आले, की मुदतीच्या आत पूर्ण भरायचे. मर्यादा तीनशेची असली, तरी तीनशे वापरायचे नाहीत. वापर जितका थोडा दिसेल तितके गुण चांगले. सात महिन्यांनी माझा पहिला आकडा निघाला. वर्षाच्या आत बँकेने साधे कार्ड दिले आणि ३०० डॉलरचा चेक घरी पाठवला. घागर परत आली होती.

कथा इथे संपली असती, तर हा लेख लिहिला नसता.

२०११ साली साताऱ्याला माझ्या सासऱ्यांना पक्षाघात झाला. नवरा बारा आठवड्यांची बिनपगारी रजा घेऊन तिकडे धावला. तोवर आम्हाला ग्रीन कार्ड मिळाले होते. मी आणि सातवीतला मुलगा मागे राहिलो आणि नेमके त्याच वेळी घरमालकाने घर विकायला काढले. पाच आठवड्यांत जागा बदलायची होती. मुलाची शाळा बदलायला लागू नये म्हणून जवळच्याच एका इमारतीत अर्ज केला. नवऱ्याला पगार चालू नव्हता, तेव्हा अर्ज माझ्या नोकरीवर आणि माझ्या नावावर. चार दिवसांत नकार आला.

नकाराबरोबर कोणत्या ब्यूरोचा अहवाल पाहिला ते कळवावे लागते, म्हणून मी तो मागवला. पाहते तो काय, माझ्या नावापुढे एका वसुली कंपनीची नोंद : ४२ डॉलर, थकीत. २००८ साली केलेल्या एका रक्ततपासणीचे बिल! ते विमा कंपनीने कधीच चुकते केले होते. पण प्रयोगशाळेच्या हिशेबात ते जमा झाले नाही, मध्यंतरी आम्ही घर बदलले आणि पत्रे जुन्या पत्त्यावर जात राहिली. ४२ डॉलर! तेवढ्याने तीन वर्षांची मेहनत पाण्यात गेली होती.

इमारतीच्या कचेरीत जाऊन मी सारे समजावून सांगितले. तिथली बाई सहानुभूतीने ऐकत होती, म्हणाली, "मला पटतंय, पण संगणकाला पटत नाही." मी म्हटले, जास्त अनामत घ्या. तर न्यू जर्सीत दीड महिन्याच्या भाड्याहून अधिक अनामत घेता येत नाही! मग राहिला एकच मार्ग, जामीनदार. 'जामीन राहू नये आणि कोणाला ठेवू नये' हे अण्णांचे ब्रीद. तरी मनाचा हिय्या करून मंडळातल्या एका जवळच्या मैत्रिणीला फोन केला. "यांना विचारून सांगते हं," ती म्हणाली. तो फोन आलाच नाही. त्या रात्री मी फार रडले. पण खरे सांगू? मी कर्ज विभागात असते आणि तिने माझा सल्ला घेतला असता, तर मीही तिला सही करू नकोस असेच सांगितले असते.

मी विमा कंपनीकडून बिल भरल्याचा दाखला मागवला, त्याच्या प्रती काढल्या आणि ब्यूरोला रजिस्टर्ड पत्राने तक्रार पाठवली. तीस दिवसांत चौकशी करणे त्यांच्यावर सहसा बंधनकारक असते. कायद्याने आपली बाजू शंभर शब्दांत अहवालाला जोडण्याचीही सोय आहे. मी ते शंभर शब्द अगदी मोजून लिहिले. नंतर कळले, की स्कोअर काढणारे गणित ते वाचतच नाही! तेव्हा मला अण्णांच्या वहीचे मोल पुन्हा वाटले. ती वही माणसाचे आडनाव बघत असे हे खरे, पण 'अण्णा, असं असं झालंय' म्हटले तर ऐकूनही घेत असे. ही नवी वही आडनाव विचारत नाही आणि ऐकतही नाही.

सव्विसाव्या दिवशी पत्र आले : नोंद काढून टाकली आहे. जागा सोडायला चार दिवस उरले होते. त्याच कचेरीत, त्याच बाईसमोर मी दुसऱ्यांदा अर्ज ठेवला. दुसऱ्या दिवशी करारावर सही केली. भाडेकरू म्हणून एकच नाव, माझे. रात्री साताऱ्याला फोन लावला. नवऱ्याने पहिला प्रश्न विचारला, "सही कोणाची?" मी म्हटले, "माझी." तो क्षणभर थांबून म्हणाला, "आधीच करायला हवी होती गं आपण."

तेव्हापासून काही गोष्टी बदलल्या आहेत. एच-फोरवरच्या काही जणींना २०१५ पासून कामाचा परवाना मिळू लागला. आपला अहवाल आता दर आठवड्याला विनामूल्य पाहता येतो. ५०० डॉलरखालची वैद्यकीय थकबाकी तिन्ही कंपन्यांनी २०२३ पासून अहवालातून वगळली. माझे ते ४२ डॉलर आज दिसलेच नसते. भारतातही सिबिलची स्थापना २००० साली झाली आणि ३०० ते ९०० चा आकडा आता आपल्या घराघरांत बोलला जातो. पण भारतातला हा आकडा सहसा विमानात बसत नाही. २०१९ पासून अमेरिकन एक्स्प्रेससारख्या एखाद्या कंपनीने भारतातली पतनोंद विचारात घ्यायला सुरुवात केली, हा अपवाद. आणि वही कितीही आधुनिक झाली तरी ती चोरीला जातेच. २०१७ साली इक्विफॅक्समधून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली.

म्हणून मुलगा वा सून परदेशी निघाली, की लोणच्याच्या बरणीबरोबर मी चार गोष्टी सांगते. नवऱ्याचे जोडकार्ड मिळाले तरी स्वतःच्या नावाचे एक खाते उघडाच, छोटे असले तरी चालेल. एकही तारीख चुकवू नका. तीस दिवसांहून जास्त उशीर झाला, की नोंद होते आणि ती सात वर्षे राहते. घर बदलले, की पत्ता सगळीकडे बदला, अगदी डॉक्टरकडेसुद्धा. आणि वर्षातून दोन-तीनदा तरी आपले पान उघडून वाचा.

दोन वर्षांपूर्वी माझा भाचा एम. एस. करायला इथे आला. पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "मावशी, तुझ्या कार्डावर माझं नाव घाल ना, लवकर काम होईल." मी त्याला घागरीची गोष्ट सांगितली आणि बँकेत घेऊन गेले. अनामतीचे पैसे त्याचे त्यानेच भरले. गेल्या उन्हाळ्यात त्याने फोनवर चेकचा फोटो पाठवला. खाली लिहिले होते : 'मावशी, घागर आली.'