पाहुणा आणि गिऱ्हाईक

तापीकाठच्या सारंगखेड्यात मार्गशीर्ष पौर्णिमेला एकमुखी दत्ताची यात्रा भरते. यात्रेतल्या घोडेबाजाराची ख्याती दूरवर पोहोचली आहे. मारवाडी, काठेवाडी, पंजाबी घोडे येतात. त्यांच्यामागून व्यापारी, शौकीन आणि माझ्यासारखे नुसते बघे. घोड्यांची सोय दावणीला होते. माणसांनी उतरायचं कुठे? गेल्या दशकापासून चेतक महोत्सवाच्या निमित्ताने पर्यटकांसाठी तंबू उभे राहू लागले. ज्यांना तंबू परवडत नाही किंवा मानवत नाही, ते ओळख काढून गावातल्या एखाद्या घरी उतरतात.

२०२३ च्या डिसेंबरात मी असाच एका घरी तीन रात्री राहिलो. पुढची खोली मला दिली होती. कोपऱ्यात धान्याची पोती, खाली गादी, वर जाड गोधडी. सकाळी चुलीवर तापवलेलं पाणी, दुपारी कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत आणि डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा. घरातल्या बाई मला ‘नाना’ म्हणत. दुसऱ्या दिवशी तर भाकरी थापता थापता त्यांनी लेकीच्या सासरची हकिगतही सांगितली.

निवृत्तीनंतर ऑस्ट्रियात फिरताना मी अशाच घरांतून राहिलो होतो. तिथे दारावर पाटी असते, ‘त्सिमर फ्राय’, म्हणजे खोली रिकामी आहे. भाडं आधीच सांगतात. सकाळी पाव, लोणी, उकडलेलं अंडं, कॉफी मांडून घरातल्या आजीबाई विचारपूस करतात. जपानात अशा घरांना ‘मिन्शुकु’ म्हणतात. तिथे चटईवर अंथरूण आणि घरचं जेवण. पैसे घेतल्याने त्यांच्या पाहुणचारात काही उणं येत नाही.

सारंगखेड्यात निघताना मी विचारलं, “किती झाले?” घरधनी संकोचून अंगणाकडे पाहू लागले. बाई म्हणाल्या, “नाना, तुमच्या मनाने द्या.”

हे ‘तुमच्या मनाने’ फार अवघड. पाहुण्याला धास्ती, कमी तर पडत नाहीत ना? घरच्यांना धास्ती, आपण माणुसकीचे पैसे तर घेत नाही ना? या भिडेपायी खरा हिशेब राहूनच जातो. मी वही काढून दूध, पीठ, वांगी, तेल, सरपण मांडलं. “झालं की एवढंच,” बाई म्हणाल्या. पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंतची त्यांची मेहनत त्या बेरजेत कुठेच नव्हती, आणि ती असायला हवी असं त्यांना वाटलंही नव्हतं. तो आकडा मीच लिहिला आणि पैसे त्यांच्या हातात दिले.

मग त्यांनी मनातली गोष्ट सांगितली. घरात सात माणसं आणि संडास एकच. आणखी एक संडास-न्हाणीघर बांधलं, तर पुढच्या यात्रेला बायकामुलांसह कुटुंबं उतरू शकतील. त्यासाठी कर्ज मिळेल का? इतकी वर्षं बँकेत काढल्यावर पुढचा प्रश्न आपोआप तोंडी येतो: घर कुणाच्या नावावर? घर एकट्या नवऱ्याच्या नावावर होतं. ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत पतीबरोबर पत्नीचंही नाव घरावर लागावं म्हणून सरकारने २००३ मध्ये ‘घर दोघांचे’ ही मोहीम काढली होती. या घरापर्यंत ती पोहोचली नव्हती. घरधन्यांनाही तिची माहिती नव्हती. ऐकून त्यांनी ग्रामपंचायतीत चौकशी करतो म्हणून सांगितलं.

कोकणात निवास-न्याहारी योजनेतून अनेक घरांनी चार पैसे जोडले. खान्देशातल्या घरांनाही ते जमेल. मात्र खोलीचा दर आधी सांगितला जावा, आणि चुलीपुढे बसणारीचं नाव घराच्या कागदावर असावं. दत्तजयंतीला सारंगखेड्याला जाणार असाल, तर घरी जरूर उतरा. दर विचारायला लाजू नका. आणि घासाघीस तेवढी घोडेबाजारासाठी राखून ठेवा.