काखेखाली दोन बोटं

संपादकांना हवा होता ऑफिसच्या खुर्च्यांवरचा लेख. पाठदुखी, कॉम्प्युटर, कमरेचा आधार वगैरे. माहितीसाठी ज्या फिजिओथेरपिस्ट बाईंना फोन केला, त्या म्हणाल्या, "तुमची-माझी पाठ दुखली की आपण उठून चार पावलं चालून येतो हो. ज्यांची पाठ सावरतच नाही, त्यांच्या खुर्च्या बघायच्या असतील तर या." पत्ता दिला तो पुण्यातल्या भवानी पेठेतला, लाकूडबाजाराच्या मागच्या एका पत्र्याच्या शेडचा.

तिथे सीपी चेअर बनतात. सीपी म्हणजे सेरेब्रल पाल्सी. मेंदूला जन्माआधी, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच इजा होते आणि स्नायूंवरचा ताबा जातो. मेंदूतली इजा पुढे वाढत नाही, पण मूल वाढतं, आणि सगळी भानगड तिथून सुरू होते. 1997 साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या मंडळींनी या मुलांच्या हालचालींची पाच पायऱ्यांची विभागणी केली. आज जगभरचे डॉक्टर तीच वापरतात. पहिल्या पायरीवरचं मूल चालतं, जिने चढतं. चौथ्या-पाचव्या पायरीवरच्या मुलाला धड ताठ ठेवायलाच आधार लागतो. ही शेड त्या शेवटच्या दोन पायऱ्यांसाठी आहे.

सरकारी इतिहास थोडक्यात सांगतो. पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र 1944 साली, महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी निघालं. मुंबईत हाजी अलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था 1955 साली उभी राहिली. कानपूरचा 'अलिम्को' हा सरकारी कारखाना 1972 चा, आणि गरजूंना साधनं देणारी केंद्राची 'एडिप' योजना 1981 ची. या इतिहासात पाय, हात, कॅलिपर, कुबड्या, तीनचाकी सायकली यांचीच गर्दी आहे. बसणं हीसुद्धा कुणाला शिकवावी, घडवावी लागणारी गोष्ट असते, हे आपल्याकडे मागेच राहिलं.

शेडमधले मिस्त्री पूर्वी लग्नाचे पलंग आणि शोकेस बनवायचे. फिजिओ मॅडमनी काही वर्षांपूर्वी एक खुर्ची करून मागितली, ती बिघडली, परत केली, आणि त्यातून हे काम मागे लागलं ते लागलंच. भिंतीला प्लायचे तक्ते टेकवलेले, कोपऱ्यात काळ्या ईव्हीए फोमच्या शीट, रेक्झिनचे तुकडे, डब्यांत नट-बोल्ट. टेबलावर एक पाठीची फळी आडवी होती आणि तिच्यावर दोन पॅड. तळहाताएवढे, किंचित आत वळलेले. छातीच्या दोन्ही बाजूंना, बरगड्यांवर टेकणारे. माझं लक्ष जे तिथे अडकलं ते शेवटपर्यंत सुटलं नाही.

कारण पॅड दिसायला सोपा आहे. अॅल्युमिनियमची एल-पट्टी, एका टोकाला फोम लावलेली फळी, दुसरं टोक पाठीच्या फळीतल्या उभ्या खाचेत बोल्टने कसलेलं. मागून नॉब सैल केला की पॅड वर-खाली होतो. मिस्त्रींनी तो माझ्या हातात दिला. "दाबा." मी कसून बसवलेल्या पॅडला जोर लावला, तो हलला नाही. मग त्यांनी मूठ आवळून एकच झटका दिला आणि पॅड बोटभर खाली घसरला. "पोरगं असं दाबतं. ताकद लावून नाही, झटक्यानं."

या मुलांच्या अंगात कधी कधी अचानक ताठरपणा येतो. दार वाजलं, कुणी हाक मारली, खूप आनंद झाला, तरी सगळं अंग धनुष्यासारखं मागे ताणलं जातं. तो झटका दिवसात कितीदाही येतो आणि गुळगुळीत खाचेतला बोल्ट प्रत्येक झटक्याला केसभर सरकतो. आठवड्याने पॅड पोटाशी आलेला असतो. मिस्त्रींनी आधी दातेरी वॉशर घातले. दात प्लायमध्ये रुतून प्लायच झिजला. मग खाच सोडून त्यांनी ओळीने भोकं पाडली आणि मागून टी-नट ठोकले. आता पॅड घसरत नाही. पण दोन भोकांच्या मधलं माप हवं असेल तर मिळत नाही, आणि पाठीच्या बाबतीत मधलंच माप लागतं. सध्या ते खाचेच्या मागे अॅल्युमिनियमची पट्टी लावून दात त्या पट्टीवर बसवतात. "हे टिकतंय. वजन वाढलं, पण टिकतंय," असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर पलंग विकणाऱ्याचं नव्हे, बनवणाऱ्याचं समाधान होतं.

दुपारी शिरूरहून एक आई सहा वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन आली. एसटीने, मग रिक्षाने. मुलाची मान छातीवर पडलेली, पाठ कमानीसारखी पुढे झुकलेली, अंग डावीकडे कललेलं. मी मनात पॅड वर-खाली करू लागलो. मॅडमनी पाठीकडे पाहिलंही नाही. त्या गुडघ्यावर बसल्या आणि कमरेची हाडं चाचपू लागल्या.

"आधी खाली," मिस्त्री मला हळूच म्हणाले. "जोतं वाकडं असलं की भिंतीला टेकू लावून काय उपयोग?"

ओटीपोटाचं हाड मागे कललं की पाठीला गोलाई येतेच. तेव्हा वरून कितीही पट्टे आवळले तरी मूल पट्ट्यांना लोंबकळतं, बसत नाही. म्हणून पहिलं माप बैठकीच्या खोलीचं: कुल्ल्याच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या खळगीपर्यंत, आणि त्यातून तीन-चार सेंटीमीटर वजा. बैठक त्याहून लांब झाली तर खळगीला कड टोचते, मूल पुढे घसरतं आणि पाठ पुन्हा गोल होते. मग कमरेवरून मांडीकडे तिरपा जाणारा पट्टा, पावलांखाली फळी. एवढं झाल्यावर मुलाची पाठ आपसूकच थोडी उभी राहिली. अजून एकही पॅड लागला नव्हता.

मग पॅड. डावा वर, काखेच्या खाली दोन बोटं सोडून. काखेत रुतला तर हाताकडे जाणाऱ्या शिरा दाबल्या जातात. उजवा खाली, बरगड्यांच्या ज्या भागाचा फुगवटा बाहेर आला होता तिथे. तिसरा डाव्या कुल्ल्याशी. वरचा आणि कुल्ल्याशी असलेला एका बाजूने, मधला समोरच्या बाजूने, अशा तीन ठिकाणच्या दाबात कललेलं अंग मध्यावर येतं. दोन्ही पॅड एकाच उंचीवर लावले असते तर मूल नुसतं चिमटीत धरल्यासारखं झालं असतं. मॅडमनी मुलाच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजला, उजवा पॅड जरासा बाहेर घ्यायला सांगितला. मुलाने मान वर केली. पूर्ण नाही, पण समोर बघण्याइतकी. आई म्हणाली, "दादा, हा माझ्याकडं बघतोय."

याने मणका सरळ होईल का, असं मी विचारलं. नाही. खुर्ची वक्रता बरी करत नाही. मात्र हात मोकळे होतात, नजर समोर येते, घास गिळणं सुरक्षित होतं. मान मागे टाकून भरवलं तर अन्न श्वासनलिकेत जायची भीती असते, आणि या मुलांच्या छातीचे आजार बऱ्याचदा तिथूनच सुरू होतात. थकलेल्या मुलाला मागे टेकवायचं तर नुसती पाठ मागे पाडायची नाही, बैठकीसकट सगळी खुर्ची कलती करायची. फक्त पाठ पाडली की मूल घसरतं आणि कातडी घासली जाते. बाजारातल्या बऱ्याच खुर्च्यांची पाठच तेवढी पडते. घेताना हे बघत जा.

इथपर्यंत लेख आनंदाचा होता. पुढचं मला मॅडमनी सांगितलं, मिस्त्रींनी दाखवलं.

शेडच्या बाहेर ताडपत्रीखाली परत आलेल्या खुर्च्या आहेत. एकीवर पॅडच्या जागी उशी बांधलेली. आजीला वाटलं, लेकराला शिकंज्यात अडकवलंय, म्हणून तिने नॉब सैल करून टाकले. आजीला दोष देण्यात अर्थ नाही. पॅड का आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दुसरी खुर्ची दारातून आत जाईना म्हणून ओट्यावरच राहिली आणि पावसात प्लाय फुगला. तिसरीत बसवलं की मूल सगळ्यांच्या वर, एकटं. घर जेवतं जमिनीवर, गप्पा जमिनीवर. आता मिस्त्री आखूड पायांच्या खुर्च्याही करतात. पण त्या शाळेच्या बाकाशी जुळत नाहीत, आणि दोन खुर्च्यांचे पैसे कुणाकडे आहेत?

सगळ्यांत जास्त खुर्च्या मात्र मूल मोठं झाल्यामुळे परत आल्यात. सहाव्या वर्षी काखेखाली दोन बोटं असलेला पॅड आठव्या वर्षी चुकीच्या बरगडीवर दाब देतो. बैठक आखूड पडते. मग खुर्ची अपाय करू लागते. नॉब आहेत, खाचा आहेत, सगळं सरकवता येतं. पण किती सरकवायचं हे ठरवणारा माणूस शिरूरला नाही. पुण्याला यायचं तर आईचा दिवसाचा रोज बुडतो आणि मूल आता कडेवर मावत नाही. शिबिरं भरतात, फोटो निघतात, खुर्च्या वाटल्या जातात. पुढच्या वर्षी त्याच गावात त्याच मुलांची मापं पुन्हा घेणारं शिबिर मी ऐकलेलं नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सहायक साधनांचा उल्लेख आहे. पण साधन एकदा देणं आणि ते अंगाला बसतं ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्याला कुणी वाली नाही.

मिस्त्री फेरमापाचे पैसे घेत नाहीत. त्यांना ते परवडत नाही, हेही ते सांगत नाहीत. त्यांच्या हाताखाली शिकणारा मुलगा मॉड्युलर किचनच्या कामाला गेला. तिथे पगार जास्त आहे.

वाढदिवसाला, पुण्यतिथीला, कंपनीच्या निधीतून अशा खुर्च्या देणारे वाचक पुष्कळ आहेत. त्यांना एवढंच सांगणं: दहा देणार असाल तर सात द्या. उरलेल्या तीन खुर्च्यांच्या पैशांतून त्या सात मुलांसाठी दर सहा महिन्यांनी एक फिजिओ आणि एक पाना घेतलेला माणूस त्यांच्या घरी पाठवा.