आच कुठे द्यायची?

जळगावचा सराफ बाजार सोन्यासाठी नावाजलेला. राजमल लखीचंद ही पेढी तर १८५४ पासूनची. पण डाक लावण्याची, म्हणजे वितळत्या धातूनं सांधा जोडण्याची, गंमत पाहायची तर चांदीकाम करणाऱ्या कारागिराजवळ बसावं. समोर पैंजणाची कडी, तिची टोकं एकमेकांना भिडवलेली, सांध्यावर तांदळाच्या कणीहून लहान डाकाचा तुकडा. आणि ज्योत? ती तो त्या तुकड्यावर धरतच नाही! कडीभोवती, मागून, खालून फिरवत राहतो. एकाएकी तुकडा पाणी होतो नि सांध्यात शिरून दिसेनासा होतो.

कारण सगळ्या धातूंत उष्णता सर्वांत भराभर वाहून नेणारी चांदीच. एका जागी दिलेली आच ती लगेच अंगभर वाटून टाकते. बावीस कॅरेट सोनं इतकं उदार नाही, त्यामुळे तिथे सुईसारख्या ज्योतीनं नेमका सांधा तापवता येतो. चांदीचा मात्र सबंध दागिनाच तापवावा लागतो. वितळलेला डाक जिकडे जास्त गरम तिकडे धावतो आणि फट जितकी अरुंद तितका ओढीनं आत खेचला जातो. रुंद फट डाकानं बुजवू म्हणणाऱ्यानं आधी कानस हातात घ्यावी.

साधनं निवडायची ती या स्वभावाकडे पाहून. नाजूक कडीला पेन्सिलएवढा टॉर्च पुरतो. धुळ्याकडच्या पावरा-भिल्ल बायकांच्या अंगावरचे चांदीचे जाडजूड दागिने जोडायचे तर मोठी, मऊ, फुललेली ज्योत हवी. पूर्वी हे सगळं बाकनळीवर, म्हणजे तोंडानं फुंकायच्या वाकड्या नळीवर, व्हायचं. गालांत हवा साठवून नाकानं श्वास घ्यायचा आणि फुंक तुटू द्यायची नाही. मला तरी हे गॅसच्या टॉर्चपेक्षा मोठं यंत्र वाटतं.

डाकाचं रसायन त्याहून अजब. चांदी वितळते ९६२ अंशांना, तांबं १०८५ ला. पण ७२ भाग चांदीत २८ भाग तांबं मिसळा, मिश्रण ७८० लाच वितळतं, दोघांच्याही खाली! त्यात जस्त घातलं की आणखी खाली उतरतं. इकडे ९२.५ टक्क्यांची चांदी स्वतःच ८०० च्या आसपास पाझरू लागते. म्हणजे डाक वाहणं आणि दागिना बसणं यांत थोड्या अंशांचंच अंतर, आणि थर्मामीटर तर कुणाकडेच नाही.

ते काम सवागी, म्हणजे टाकणखार, करते. पाण्यात कालवून लावलेली सवागी आधी पाणी सोडत फसफसून फुगते, मग बसते आणि ७४० च्या सुमारास काचेसारखी नितळ होते. आता डाक कोणत्याही क्षणी पळणार! शिवाय तिच्या थराखाली तांब्यावर काळपट ऑक्साइड धरत नाही. तो धरला तर डाक नुसता गोळी होऊन बसतो. जोडीला धातूचा लालसर रंग पाहायचा, म्हणून काम सावलीत. ज्योत हलू नये म्हणून पंखाही बंद, बाहेर खान्देशचा मे महिना ४५ अंशांवर असला तरी.

रेडिओ दुरुस्तीचा शिसे-कथलाचा डाक सोपा वाटतो, पण चांदीला तो लावू नये. पुढे कधी तोच दागिना तापवला की शिसं चांदीत घुसून खड्डे पाडतं. कॅडमियमचा डाक, ज्यावरून ‘केडीएम’ दागिने ओळखले जात, छान वाहतो. मात्र कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळतं आणि त्याचा धूर फुप्फुसं नि मूत्रपिंडं बिघडवतो.

जोडून झालं की दागिना सौम्य आम्लात टाकून सवागीची काच आणि काळपटपणा काढतात. बाहेर काढायचा चिमटा तांब्याचा किंवा लाकडाचा. लोखंडी चिमटा आत गेला, तर आम्लात उतरलेलं तांबं चांदीवर चढतं आणि पांढरं पैंजण गुलाबी होऊन बाहेर येतं.