नळीशी पत्रिका जुळवताना

पनवेलच्या कर्नाळा स्पोर्ट्स अकॅडमीत नेमबाज सुमा शिरूर यांनी लक्ष्य शूटिंग क्लब उभारला. तिथली नवी मुलं पहिल्या दिवशी एका गोष्टीने चक्रावतात. दहा मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचा ठिपका असतो जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, वहीतल्या पूर्णविरामाएवढा. त्याला भिडवायचा छर्रा मात्र साडेचार मिलिमीटरचा, ठिपक्याच्या नऊपट रुंद! शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरला आशियाई स्पर्धेत चाळीसच्या चाळीस छर्रे या ठिपक्याला भिडवले होते. ४०० पैकी ४००.

अशा वेळी आपण वाहवा करतो नजरेची, श्वासाची, स्थिर हातांची. छर्र्याची आठवण कोणाला होत नाही. पण तो डमरूच्या आकाराचा शिशाचा तुकडा डब्यातून उचलण्याआधी निवडावा लागतो. एकाच कंपनीचे छर्रे ४.४९, ४.५० आणि ४.५१ मिलिमीटर अशा वेगवेगळ्या डोक्यांचे मिळतात. फरक एक शतांश मिलिमीटरचा. आपला केस त्याहून कितीतरी जाड. तरी एका रायफलला ४.४९ मानवतो, तर शेजारच्या तशाच रायफलला ४.५०.

पन्नास मीटरवर गोष्ट आणखी रंगते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकलं ते याच अंतरावर. इथे वापरतात ती .२२ ची रायफल. बोल्ट मागे ओढायचा, काडतूस ठेवायचं, बोल्ट पुढे सारून बंद करायचा. एका वेळी एकच गोळी. अडीच ग्रॅमच्या आसपास वजनाची ही गोळी नळीतल्या पिळदार खाचांमधून फिरत निघते, सेकंदाला सुमारे आठशे गिरक्या घेत. कागदापर्यंत पोचायला तिला सेकंदाचा सहावा हिस्साही लागत नाही, पण तेवढ्यात गुरुत्वाकर्षण तिला बारा सेंटिमीटरहून अधिक खाली खेचतं.

हे खाली येणं नेमबाज आधीच हिशेबात धरतो. अडचण येते ती दोन गोळ्यांच्या वेगात फरक पडला तर. वेग सेकंदाला पाच मीटरनेच कमी असला, तरी गोळी साधारण चार मिलिमीटर खाली लागते. इथे दहाच्या वर्तुळाचा व्यासच १०.४ मिलिमीटर! नेम तोच, हात तोच, श्वासही तसाच रोखलेला. गुण मात्र गेले, कणभर दारू कमी पडली म्हणून.

त्यात नळीही गप्प बसत नाही. बार उडताच ती छेडलेल्या तारेसारखी थरथरते. हळू गोळी किंचित उशिरा बाहेर पडते. त्या क्षणी नळीचं तोंड वर जात असेल, तर तिची कसर आपोआप भरून निघते. खाली जात असेल, तर चूक वाढते. म्हणून प्रत्येक नळीचा स्वभाव वेगळा.

मोठ्या बोअरच्या रायफलींसाठी परदेशातले अनेक नेमबाज यावर घरी उपाय करतात. आपल्याच रायफलीत उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी ते जपून ठेवतात, कारण दाबाने फुगून तिने त्या रायफलीतल्या काडतुसाच्या घराचा आकार घेतलेला असतो. मग दारू पेटवणारी नवी टोपी बसवायची, दारू सोनाराच्या काट्यासारखी तोलायची, गोळी किती आत बसवायची ते केसाकेसाने ठरवायचं आणि कागदावर भोकं किती जवळजवळ पडतात ते पाहत राहायचं. आपल्याकडे मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवताच येत नाही.

.२२ च्या काडतुसाला तर ही वाट मुळातच बंद आहे. त्याचा पेट घेणारा मसाला पुंगळीच्या कडेत पसरलेला असतो आणि बोल्टमधली पिन ती कडच चेपते. एकदा उडालं की संपलं.

मग जगातले उत्तम नेमबाज काय करतात? गोळी घडवता येत नाही, म्हणून ते वधूवरांच्या पत्रिका जुळवाव्यात तशी नळी आणि गोळी जुळवतात. बर्मिंगहॅमच्या एली कंपनीसारख्या ठिकाणी रायफल शिकंज्यात घट्ट आवळतात, म्हणजे माणसाच्या हाताचा दोष मधे येत नाही. मग एकामागून एक लॉट, म्हणजे एकेका खेपेत बनलेली काडतुसं, झाडून पाहतात. कारखाना एक, कृती एक, यंत्रही एकच; तरी एका लॉटची भोकं एकमेकांत मिसळून जातात आणि दुसऱ्याची विस्कटतात. याच दुसऱ्या लॉटवर भलतीच एखादी नळी खूश असते. त्यामुळे ‘सर्वांत चांगली गोळी कोणती?’ या प्रश्नाला उत्तर नाही, ‘कोणत्या नळीसाठी?’ हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

जुळलेला लॉट सापडला की नेमबाज त्याचे जमतील तेवढे डबे घेऊन ठेवतात. कारण तो संपला की तोच क्रमांक पुन्हा बनत नाही, आणि शोध पहिल्यापासून सुरू होतो.