शेळीवर आळ

डोंगर उघडा पडला की पहिलं बोट शेळीकडे जातं आणि मग ती राखणाऱ्याकडे. गरिबाला पोटापुढे झाड दिसत नाही, हा समज शिकल्यासवरल्या घरांतही पक्का बसलेला आहे. पंचकुला जिल्ह्यातल्या सुखोमाजरी गावाची गोष्ट त्यांनी ऐकायला हवी.

चंदीगडचा सुखना तलाव 1958 साली बांधला. त्याच्या वरच्या शिवालिक टेकड्या ठिसूळ मातीच्या. पावसाळ्यात तिथून धावणाऱ्या ओढ्यांना तिकडे ‘चो’ म्हणतात. या चोंनी इतका गाळ आणला की सत्तरच्या दशकापर्यंत तलाव निम्म्याहून अधिक भरून गेला. गाळाचा माग काढत मृदसंधारण संशोधन केंद्राचे पी. आर. मिश्रा सुखोमाजरीच्या डोंगरावर पोचले. गाव गुज्जरांचं, शेती पावसाच्या भरवशावर, जनावरं डोंगरावर.

लोकांना समजावलं की चराई थांबते, हाही एक गैरसमजच. डोंगर वनखात्याचा, तलाव शहराचा. शेळ्या आवरून गावाच्या पदरात काय पडणार होतं? 1976 पासून तिथे मातीचे छोटे बंधारे घातले गेले. हेतू गाळ अडवण्याचा होता, पण त्यातलं पाणी सुकत्या गव्हाला दिलं आणि पीक हाती आलं. डोंगर राखला तर बंधारा टिकतो, बंधारा टिकला तर गहू पिकतो, हे गावाने डोळ्यांनी पाहिलं.

तरी अडचण उरलीच. ज्यांच्या शेतात पाणी पोचत नव्हतं, त्यांनी सरळ विचारलं, आम्ही का जनावरं आवरायची? प्रश्न रास्त होता. मग ठरलं, प्रत्येक घराला पाण्याचा सारखा वाटा, जमीन असो वा नसो. नको असेल त्याने तो विकावा. मला या साऱ्या कथेत हा निर्णय सर्वांत मोलाचा वाटतो. त्यानंतर तारेचं कुंपण लागलं नाही. शेळ्या कमी झाल्या, गोठ्यात म्हशी आल्या, डोंगरावर भाबर गवत वाढलं. दोर वळायला आणि कागद कारखान्यांना लागणाऱ्या या गवताचा ठेका पूर्वी कंत्राटदाराकडे जाई. तो गावाच्या संस्थेला मिळाला.

त्याच दशकात, 1972 च्या दुष्काळानंतर, पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने हेच धरलं होतं. पाण्याचा हिशेब घरातल्या माणसांवर, भूमिहीनालाही हक्क आणि उसाला बंदी.

पैसा आला की निसर्ग आपोआप सावरतो, असंही अनेक जण मानतात. त्यांनी पंचकुल्याच्या कडेने वाहणारी घग्गर पाहावी. तिच्या पात्रातली वाळू आणि गोटे उपसले जातात ते वाढत्या शहरांच्या इमारतींसाठी. तिथे चरणाऱ्या शेळ्यांनी ते नेलेले नाहीत.