भुईमुगाची शेंग मातीतच जेवते

नांदगावकडे पाऊस कमी. बियाणे महाग म्हणून कित्येक जण भुईमूग पातळ पेरतात, आणि बाजरीसारखाच युरिया टाकतात. पाला झकास वाढतो. उपटून पाहावे तर शेंगा थोड्या, त्यातल्याही काही पोचट! सारा पैसा पाल्यात गेला.

असे का होते? एक झाड हलकेच उपटा आणि मुळे पाहा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. त्यांतले जिवाणू हवेतला नत्र धरून झाडाला देतात. म्हणून युरिया थोडाच लागतो. पेरताना एकरी २२ किलो पुरे. त्याच वेळी १२५ किलो सुपर फॉस्फेट द्यावे. माती तपासली असेल, तर त्या चिठ्ठीप्रमाणे कमीजास्त करावे.

आता शेंगेकडे या. फूल वर येते, पण त्याची आरी जमिनीत शिरते आणि तिथे शेंग धरते. शेंगेला चुन्याचा अंश लागतो. तो मुळांकडून फारसा येत नाही. शेंग तो भोवतालच्या मातीतूनच शोषते. तो कमी पडला की शेंग पोचट राहते. यासाठी जिप्सम घालतात. एकरी १६० किलो. निम्मे पेरताना, निम्मे आऱ्या सुटताना, ओल असताना, झाडाच्या बुडाशी. आऱ्या मातीत गेल्या की कोळपे घालू नका. त्या तुटतात.

राहिले अंतर. उपट्या जातीच्या दोन ओळींत एक फूट ठेवा, दोन झाडांत चार इंच. एकरात सव्वा लाखावर झाडे बसतात. उपट्या पसरत नाही, तेव्हा मोकळी जागा तणच खाते. पसऱ्या जातीला मात्र जास्त जागा हवी, कारण तिच्या आऱ्या लांबवर उतरतात.